टाटाला न्यायचं की जवळच?

मामांच्या जिभेच्या कडेची जखम दीड महिना झाला तरी भरेना, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात कॅन्सर आला त्या संध्याकाळी घरात पंधरा-वीस माणसं जमली आणि जो तो एकच सांगत होता, "टाटाला न्या." मामी तेवढी दाराशी उभी राहून विचारत होती, "किती दिवस राहावं लागंल? रोज जावं लागतंय का एकदाच?" तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. पण निर्णय घ्यायचा तर सुरुवात तिच्या प्रश्नापासूनच करायला हवी होती.

टाटावरचा विश्वास वाया गेलेला नाही. परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत आजही कॅन्सर म्हटलं की तेच नाव तोंडी येतं. अडचण वेगळीच आहे. कॅन्सरचा उपचार म्हणजे एक काम नव्हे. निदान, ऑपरेशन, लाईट (म्हणजे किरणोपचार), केमो आणि पुढची कित्येक वर्षं तपासण्या, अशी ती मालिका असते. यातली काही कामं एकदाच होतात आणि बिघडली तर पुन्हा तशी करता येत नाहीत. काही रोज, आठवडेच्या आठवडे चालतात. पहिल्या प्रकारच्या कामासाठी वाटेल तितकं लांब जावं आणि दुसऱ्यासाठी होता होईल तो घराजवळ राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं एकदाचं काम म्हणजे निदान. काढलेला तुकडा मेणात बसवतात. काडेपेटीहून लहान अशा प्लास्टिकच्या चौकटीत तो मेणाचा ठोकळा असतो, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून, काचपट्टीवर ठेवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पुढचं सगळं त्या कापात काय दिसलं यावर ठरतं. गंमत अशी की रोग्याला हलवायच्या आधी हा ठोकळाच मुंबईला नेता येतो आणि कॅन्सरच्याच पेशी रोज बघणाऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घेता येतो. माझा मामेभाऊ तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात घेऊन गेला होता. रिपोर्टचा कागद सगळेच जपतात. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्यायचं मात्र राहून जातं.

दुसरं काम पहिलं ऑपरेशन. 'पहिलं' या शब्दावर माझा भर आहे. जिभेतून लसिकावाहिन्यांचं, म्हणजे शरीरातला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, दाट जाळं मानेकडे जातं. कर्कपेशी तिथल्या ग्रंथींत पोचलेल्या असल्या तरी सुरुवातीला हाताला काही लागत नाही. मग मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावं? हा वाद कित्येक वर्षं चालू होता. तो सोडवणारी चाचणी परळच्याच टाटा रुग्णालयात झाली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर असलेल्या ज्या रुग्णांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. 'नुसती गाठ काढून टाकू, मग बघू' असं कोणी म्हणालं, तर हे दोन आकडे आठवावेत.

अनुभवाचा फरक किती पडतो, हे अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी लागणारं अवघड ऑपरेशन जिथे क्वचितच होतं, तिथे १६.३ टक्के रोगी दगावले. जिथे ते सर्वाधिक होतं, तिथे ३.८ टक्के. आतड्याच्या ऑपरेशनात हा फरक दोन टक्क्यांच्याही आत होता. म्हणजे प्रत्येक गाठीसाठी मुंबई गाठायची गरज नाही, पण स्वादुपिंड, अन्ननलिका यांसारख्या जागी हात सरावाचाच हवा. आणि नुसता सर्जनचा हात नव्हे. ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या रात्री आतला टाका सुटतोय हे नाडीवरून ओळखणारी नर्स, रात्री दोनला सीटी स्कॅन करून देणारा विभाग, तयार अतिदक्षता कक्ष, हे सगळं त्या सरावात येतं. म्हणून सर्जनला सरळ विचारावं, "डॉक्टर, हे ऑपरेशन इथे वर्षाला किती होतात?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

लाईटचं गणित याच्या उलट. किरणांमुळे पेशीतल्या डीएनएला इजा होते. निरोगी पेशी लाईटच्या दोन हप्त्यांच्या, म्हणजे दोन दिवसांच्या डोसांच्या, मधल्या वेळात बरीच डागडुजी करतात, कर्कपेशींना ती तितकी जमत नाही. म्हणून एकूण मात्रा तीस-पस्तीस हप्त्यांत, आठवड्याला पाच याप्रमाणे देतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून मुखवटा तयार करतात. तो घालून डोकं रोज त्याच जागी पक्कं बसवायचं. टेबलावर जेमतेम पंधरा मिनिटं, पण सहा-सात आठवडे खाडा नको. तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या कर्कपेशी जास्त वेगाने वाढू लागतात, त्यामुळे तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते.

आता मामीचा प्रश्न आठवा. सहा-सात आठवडे मुंबईत राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी सोय होते, पण जागा पुरत नाही, आणि परळच्या फुटपाथवर पथारी टाकलेली माणसं आपण पाहिलेली आहेत. अशा वेळी पैसे संपले, सोबतचा माणूस पेरणीला गावी गेला, की खाडा पडतो. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय इथे लाईटची सोय आहे. देशातली तीनशेहून अधिक रुग्णालयं २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये आहेत, उपचार सगळीकडे सारखे व्हावेत हाच तिचा उद्देश. मामांचं ऑपरेशन मुंबईत झालं आणि लाईट जिल्ह्याजवळ. ते सकाळच्या एसटीने जात आणि दुपारी मामीच्या हातची पातळ पेज घ्यायला घरी असत. एकही खाडा पडला नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एक जादा चौकशी करावी लागते. बाहेरून लाईट दिल्यावर आतूनही द्यावी लागते, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. ती नसेल तर उपचार अर्धाच राहतो, आणि दोन्ही मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. जवळच्या केंद्रात ती नसेल तर तारीख आधीच दुसरीकडे घेऊन ठेवावी. तीव्र रक्ताच्या कॅन्सरला तर हिंडायला वेळच नसतो. जिथे रक्तपेढी आहे आणि प्लेटलेट्स रोज मिळतात, तिथे ताबडतोब दाखल करावं, कारण प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल शोधा.

आणि रोग फार पसरलेला असेल तर? तिथे नातेवाईक सर्वांत जास्त धावतात, या शहरातून त्या शहरात. मला ते बघवत नाही. २०१० साली बॉस्टनमधल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही रोग्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच वेदना, धाप, घालमेल यांवरची परिहार सेवा दिली. त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, इतरांच्या बाबतीत हा आकडा ८.९ महिने होता. म्हणजे ही सेवा घेणं म्हणजे हात टेकणं नव्हे. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून हे काम करतंय. मॉर्फिनबद्दलचे कायद्याचे नियम २०१४ साली सोपे झाले, तरी ते सगळीकडे मिळत नाही. तुमच्या जिल्ह्यात ते कुठल्या रुग्णालयात मिळतं आणि रात्री-अपरात्री फोन केला तर कोण उचलतं, हे घरच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा, दुखणं वाढायच्या आधी.