गाडीतल्या ‘खट्’चा माग

गॅरेजमध्ये गाडी नेली की पहिला प्रश्न येतो, “आवाज कुठून येतोय?” आणि आपणही छातीठोकपणे सांगतो, “पुढून, डावीकडून.” त्या उत्तरावर शॉकअप बदलला जातो, बिल होतं, आणि पुढच्याच खड्ड्यात पुन्हा खट् होतं. बंद गाडीत बसलेल्या माणसाचा कान आवाजाची जागा सांगण्यात कच्चा असतो. आवाज केव्हा होतो, हे मात्र तो नेमकं सांगतो. माझ्या मते मालकाने आणि मेकॅनिकनेही सगळा भर त्या ‘केव्हा’वर द्यायला हवा.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानावर आधी पोचतो, डाव्यावर किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि मेंदू मुख्यतः त्यावरून व दोन्ही कानांतल्या जोराच्या फरकावरून दिशा ठरवतो. मोकळ्या मैदानात हे उत्तम जमतं. पण चाकापाशी बसलेला ठोका आपल्यापर्यंत मुख्यतः लोखंडातून येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पोलादी दांड्यातून सुमारे 5000 मीटर. ठोका सबफ्रेममधून, म्हणजे सस्पेन्शन धरून ठेवणाऱ्या खालच्या सांगाड्यातून, बॉडीत शिरतो आणि पायाखालचा पत्रा, डॅशबोर्डमागची भिंत, दारं असं सगळं थरथरू लागतं. तंबोऱ्याची तार केवढीशी असते, खोली भरते ती भोपळ्यामुळे. गाडीची बॉडी तेच काम करते. आपण ऐकतो तो पत्र्यांचा आवाज, आणि काचांवरून परतून तो चहूबाजूंनी येतो. मागच्या चाकाजवळचा ठोका पुढून आल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे.

आता ठोका होतो कसा ते पाहू. दोन भागांच्या सांध्यात झीज झाली की मोकळी जागा पडते. मेकॅनिक म्हणतात, “प्ले आलाय.” मिलिमीटरच्या काही अंशाइतका प्लेसुद्धा पुरतो. सांध्यावरचा जोर एकाच दिशेने असेल तोवर दोन्ही भाग एकमेकांना टेकून गप्प राहतात. जोराची दिशा पालटली की एक भाग ती मोकळी जागा ओलांडतो आणि पलीकडच्या बाजूवर आदळतो. थांबायला वेळ अगदी थोडा, म्हणून धक्का मोठा. शिवाय इतक्या अल्पकाळाच्या धक्क्यात बऱ्याच वारंवारता एकदम असतात, त्यामुळे बॉडीतला कुठला ना कुठला पत्रा त्याला साथ देतोच.

म्हणजे खट् झालं त्या क्षणी कुठल्या तरी सांध्यातला जोर उलटला. कोणत्या कृतीने कोणता जोर उलटतो, एवढंच शोधायचं. ब्रेक दाबला की चाकावर मागे खेचणारा जोर येतो आणि तो लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश (रबरी सांधे) व बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळीचे सांधे) पेलतात. ब्रेक लावताना एक ठक् आणि सोडताना दुसरा, असं असेल तर आधी तिथे पाहावं. गाडी जागेवरून निघताना किंवा रिव्हर्स टाकताना धप् झालं तर संशय इंजिनाच्या माउंटिंगवर. छोट्या गाडीचं इंजिन 110 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलपर्यंत तो जवळपास 1500 होतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच टॉर्क इंजिन-गिअरबॉक्सला उलट्या दिशेने फिरवू पाहतो आणि त्याला धरून ठेवतात ती रबरी माउंटिंग. रबर फाटलेलं असलं की लोखंड लोखंडावर आपटतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालताना टक-टक-टक येत असेल, तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट बघावा. त्याचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस गेलेलं आणि आत माती शिरलेली, हे नेहमीचं.

खड्ड्यांतली खडखड हा सर्वांत चकवणारा आवाज, आणि त्यातही लिंक रॉडचा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असतं. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप मिळून झालेला उभा खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना फोर्डने 1950 साली ब्रिटनमधल्या आपल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आणली. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी इंग्रजी ‘यू’च्या आकाराची एक स्प्रिंग स्टीलची सळई असते, अँटी-रोल बार. तिचं प्रत्येक टोक लिंक रॉडने त्या बाजूच्या स्ट्रटला बांधलेलं असतं. लिंक रॉडच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात आणि ते झिजतात.

लिंक रॉडचा हा आवाज ओळखायला गतिरोधकासारखं उपकरण नाही. तो सरळ ओलांडला की दोन्ही चाकं एकदम वर जातात. बार आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो, पिळला जात नाही, आणि लिंक रॉडवर फारसा जोर येत नाही. मग तोच गतिरोधक तिरका, अगदी हळू ओलांडावा. आता एक चाक वर, दुसरं खाली. बार पिळतो, आणि दुसरं चाक चढताच पीळ उलटतो. सरळ जाताना गप्प आणि तिरकं जाताना खट्, असं झालं तर लिंक रॉडवर बोट ठेवायला भक्कम आधार मिळतो. दोन्ही वेळा सारखाच ठोका येत असेल तर स्ट्रटचं वरचं माउंट किंवा शॉकअप तपासावा. खडबडीत रस्त्यावर सुटा ठोका न येता सलग खडखड येते, कारण चाक स्वतः सेकंदाला दहा ते पंधरा वेळा वरखाली थडथडतं आणि दर वेळी जोर उलटतो. गाडीची बॉडी मात्र सेकंदाला एक-दीड वेळाच डुलते.

ठोका ठरावीक तालात पडत असेल तर गणित कामी येतं. 165/80 आर 14 टायरचा परीघ सुमारे 1.95 मीटर. ताशी 20 किलोमीटरला ते चाक सेकंदाला जवळपास तीन फेरे घेतं. इंजिन मात्र नुसत्या आयडलला, मिनिटाला 800 फेऱ्यांवर, सेकंदाला तेरा वेळा फिरतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठोके मोजले की तो चाकाचा आहे की इंजिनाचा, हे बहुधा कळतं. चाकासोबत तालात खटखट आणि स्टिअरिंगला थरथर जाणवली, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन चाकाचे नट तपासा. सैल नट किंवा सुटायला आलेला बॉल जॉइंट घेऊन घरापर्यंत जाण्याचं धाडस करू नये.

अर्थात या सगळ्याआधी डिकी रिकामी करावी. जॅक, पाना, सैल स्टेपनी यांनी भल्याभल्यांना सस्पेन्शन खोलायला लावलंय. आणि खड्ड्यांवरून जाताना ब्रेक हलका दाबून पाहावा. खडखड थांबली तर कॅलिपरमधले (ब्रेकच्या पकडीतले) पॅड सैल आहेत.

‘केव्हा’चं उत्तर मिळालं की ‘कुठे’ शोधायला कान सोडून हात वापरावा. चांगला मेकॅनिक सांध्यावर अंगठा असा ठेवतो की त्याचा अर्धा भाग लिंक रॉडवर आणि अर्धा स्ट्रटवर येतो, आणि दुसऱ्याला गाडी हलवायला सांगतो. आपल्या त्वचेखाली पॅसिनी कणिका नावाचे संवेदक असतात. सेकंदाला 250च्या आसपासची कंपनं त्यांना सर्वांत चांगली कळतात, तीही केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. शिवाय अंगठ्याला दोन भागांमधली सापेक्ष हालचाल थेट जाणवते, जी गाडीत बसून कधीच ऐकू येत नाही. बुशसाठी तो टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म रेटतो आणि रबराला चीर पडलीय का ते पाहतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आवाज आणि कंपनांची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी अंगठ्याची जागा जागोजागी चिकटवलेले कंपनमापक घेतात.

बुश बदलून झाल्यावर एक गोष्ट मेकॅनिकला जरूर विचारावी. या बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळ्यांना चिकटलेलं असतं, ते आत घसरत नाही, पिळतं. गाडी लिफ्टवर आणि चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्का आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावावा आणि चाकांवर गाडीचा भार आल्यावर शेवटचा आवळावा.