तीस फुटी थराचा मुलूख : ब्लॅक कंट्रीची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून वायव्येला निघालं की वेस्ट ब्रॉमविच, डडली, वॉल्सॉल, वुल्व्हरहॅम्प्टन ही गावं एकमेकांत मिसळत जातात. परक्याला सगळं बर्मिंगहॅमच वाटतं. तिथल्या माणसाला तसं म्हणून बघा, तो लगेच ठणकावेल की हे ब्लॅक कंट्री आहे. मग हद्द विचारावी, की वाद सुरू.

जुन्याजाणत्यांची व्याख्या जमिनीखालची आहे. कोळशाचा तीस फूट जाडीचा थर जिथे आहे, तेवढाच आपला मुलूख. काही ठिकाणी हा थर अगदी वर आलेला होता, आणि लोखंडाचं खनिज, चुनखडी, भट्टीच्या विटांची मातीही जवळच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ‘ब्लॅक कंट्री’ हे नाव रुळलं. धुरामुळे आणि काजळीमुळे, असं बहुतेक जण मानतात. थराचा निकष लावला तर वुल्व्हरहॅम्प्टनचा बराच भाग बाहेर पडतो. वुल्व्हरहॅम्प्टनकरांना तो अर्थातच मान्य नाही.

जमिनीने खाली भरभरून दिलं, वर मात्र हात आखडता घेतला. हा सगळा उंचवटा. राउली टेकड्यांच्या एका अंगाचं पाणी सेव्हर्न नदीला जातं, दुसऱ्या अंगाचं ट्रेंटला. माल वाहून नेईल अशी मोठी नदी एकही नाही. म्हणून कालवे खणले. १७६९ मध्ये वेन्सबरीकडचा कोळसा कालव्याने बर्मिंगहॅमला पोचू लागला. त्याआधी, १७१२ मध्ये, खाणीतलं पाणी उपसायला न्यूकमेनचं वाफेचं इंजिन डडलीच्या किल्ल्याजवळ बसलं होतं.

समुद्र इतका लांब, तरी इथली ख्याती जहाजांच्या साखळ्यांची आणि नांगरांची! टायटॅनिकचा साडेपंधरा टनांचा मुख्य नांगर नेदरटनच्या हिंग्ली कारखान्यातून १९११ मध्ये निघाला आणि वीस घोड्यांनी तो डडली स्टेशनापर्यंत ओढत नेला. बारीक साखळ्या मात्र क्रॅडली हीथच्या बायका घरामागच्या खोपटात घडवायच्या. एका हाताने भाता, दुसऱ्या हातात तापलेली सळई, ती वाकवायची, मागच्या कडीत ओवायची, ठोकून जोडायची, आणि पोरं तिथेच आसपास. १९१० मध्ये ताशी अडीच पेनी किमान मजुरी ठरली. मालकांनी टाळाटाळ केली, तेव्हा कामगार नेत्या मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी दहा आठवडे काम बंद ठेवलं आणि मजुरी पदरात पाडून घेतली. संपासाठी जमलेल्या निधीतून उरलेल्या पैशांत कामगारांसाठी सभागृहही बांधलं.

सरकारी नकाशाने या भागाला कधी एकत्र धरलं नाही. सगळ्यात गंमत डडलीची. चहूबाजूंनी स्टॅफर्डशर काउंटी, मधे हे बेटासारखं गाव वूस्टरशर काउंटीचं, आणि गावाच्या डोक्यावरचा किल्ला बराच काळ पुन्हा स्टॅफर्डशरचा! १९६६ मध्ये डडली स्टॅफर्डशरला जोडली, १९७४ मध्ये सगळंच नव्या वेस्ट मिडलंड्स काउंटीत गेलं. बर्मिंगहॅमबरोबर एका दावणीला बांधलेलं इथे अनेकांना आजही रुचत नाही. बर्मिंगहॅमचे लोक यांना ‘यॅम यॅम’ म्हणून चिडवतात, कारण ‘यू आर’च्या जागी यांच्या तोंडी ‘यौ अॅम’ येतं. फक्कड गोष्टीला हे ‘बॉस्टिन’ म्हणतात.

शेवटची खाण, बॅगरिज, १९६८ मध्ये बंद पडली. अभिमानाची चिन्हं मात्र त्यानंतर वाढली. २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीने काढलेला झेंडा स्वीकारला गेला: काळा-तांबडा रंग, मधे काचभट्टीचा पांढरा आकार आणि त्यावर साखळी. या साखळीचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध जोडून २०१७ मध्ये आक्षेप घेतला गेला, आणि साखळीकामगारांच्या नातवंडांना तो चांगलाच झोंबला.

२०२० मध्ये युनेस्कोने ब्लॅक कंट्रीला जागतिक जिओपार्क म्हणून मान्यता दिली, ती इथल्या खडकांसाठी. पार्कची हद्द मात्र थरावरून आखलेली नाही. डडली, सँडवेल, वॉल्सॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टन या चार पालिकांचा मिळून तो पार्क. वुल्व्हरहॅम्प्टन त्यात आलं.