पंचवीस अंशांचे एक्केचाळीस कोटी

अंगणातलं तापमान मोजणारा छोटा प्रोग्राम मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता. तो रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि दर मिनिटाला एक आकडा सॉकेटमधून, म्हणजे दोन प्रोग्रामना नेटवर्कवरून जोडणाऱ्या वाटेतून, घरातल्या कॉम्प्युटरला पाठवायचा. तिथे आकडा दाखवणारा प्रोग्राम जावा या दुसऱ्या भाषेतला. जोडणी पहिल्याच झटक्यात झाली, एकही एरर नाही. पण पडद्यावर तापमान उमटलं 41,94,30,400.

अशा वेळी हात आधी फायरवॉल आणि पोर्ट नंबर अशा जोडणी अडवू शकणाऱ्या गोष्टींकडे जातो. माझ्या दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. खरं तर आकडा आला, म्हणजे वाट ठीकच होती. टीसीपी (इंटरनेटवर माहिती नेण्याची एक ठरलेली पद्धत) वापरणाऱ्या सॉकेटला ना भाषा कळते, ना आकडे. एका टोकाला टाकलेले बाइट, म्हणजे माहितीचे आठ-आठ बिटांचे तुकडे, त्याच क्रमाने दुसऱ्या टोकाला पोचवणं, एवढंच त्याचं काम. म्हणून आलेले बाइट जसेच्या तसे छापून बघितले: 19 00 00 00. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात; त्यातले 19 म्हणजे आपले 25. आकडा बरोबर होता, वाचणारा उलट्या बाजूने वाचत होता.

आपण 25 लिहितो तेव्हा दोन आधी येतो, बोलतो तेव्हा मात्र 'पंचवीस', म्हणजे पाच आधी. मराठी न जाणणारा कोणी ऐकलेल्या क्रमाने अंक मांडू लागला, तर 52 लिहील. इथे तसंच झालं. रास्पबेरी पायचा प्रोसेसर लहान किमतीचा बाइट आधी ठेवतो, इंटेलचाही तसाच. जावातलं आलेले बाइट वाचणारं साधन, डेटा-इनपुट-स्ट्रीम, मोठा बाइट आधी आहे असं धरून वाचतं. त्यामुळे 25 सगळ्यात वरच्या घरात बसले आणि 1,67,77,216 ने (256 × 256 × 256) गुणले गेले. या दोन पद्धतींना 'लिटल एंडियन' आणि 'बिग एंडियन' ही नावं डॅनी कोहेन यांनी 1980 मध्ये दिली. इंटरनेटचे नियम मोठा बाइट आधी, असं सांगतात. पायथॉनच्या आकड्याचे बाइट करणाऱ्या स्ट्रक्ट-पॅकमध्ये पूर्णांक दाखवणाऱ्या 'आय' या अक्षराआधी एक उद्गारचिन्ह टाकलं की तो क्रम मिळतो. मी ते टाकलं आणि पडद्यावर 25 दिसले.

मग हौसेने जागेचं नावही पाठवायला घेतलं: आधी लांबी, मग 'अंगण' हा शब्द, मग तापमान. नाव आलं 'अ' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. त्यामागून पुन्हा भलतेच आकडे. पायथॉन 'अंगण'ची लांबी 4 सांगतो, कारण तो अ, अनुस्वार, ग, ण असं मोजतो. अक्षरांचे बाइट करण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत मात्र यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, एकूण 12. जावाने सांगितल्याप्रमाणे चारच उचलले. उरलेल्या आठांतले पुढचे चार तापमान समजून वाचले गेले. इंग्रजी नाव देऊन तपासणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट असतो. म्हणून चाचणी देवनागरीतच करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

शब्दाचे आधी बाइट केले, त्यांची लांबी पाठवली. जावाच्या बाजूला बाइट वाचणारं साधं रीड काढून, मागितलेले सगळे बाइट येईपर्यंत थांबणारं रीड-फुली घातलं, कारण टीसीपी पाठवलेलं सगळं एकाच घासात देईल असं नसतं. साधं रीड मागितले त्याहून कमी बाइट घेऊनही परत येऊ शकतं.

पडद्यावर 'अंगण' आलं, अनुस्वारासकट. खाली 25.