पांढरी सहाची काळी तीन

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकांनी अमेरिकेहून परतताना आणलेला रेकॉर्ड प्लेयर कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. गेल्या दिवाळीत तो खाली काढून ट्रान्सफॉर्मरला जोडला आणि त्यावर बीथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग लावला. मोबाइलमधल्या ॲपने तो ऐकून लय मिनिटाला ५५ ठोके, पट्टी एफ शार्प मायनर आणि भाव उदास, असा निकाल दिला. वास्तविक हा भाग ए मायनरमधला आहे. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी सहाच्या जागी काळी तीन वाजत होती, आणि घरात कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

ते लक्षात न येणे स्वाभाविक होते. रेकॉर्ड हळू फिरली की प्रत्येक सुराची कंपनसंख्या एकाच प्रमाणात घटते, त्यामुळे सुरांमधली अंतरे जशीच्या तशी राहतात. आणि आपला षड्ज तर गायकागणिक बदलतो, म्हणून तो खाली सरकल्याचे आपल्या कानाला खटकत नाही. ॲप मात्र ध्वनीतली ऊर्जा सप्तकाच्या बारा सुरांत वाटून घेते आणि हे वाटप चोवीस मेजर-मायनर पट्ट्यांपैकी कोणाशी अधिक जुळते ते पाहते. लयीसाठी ते आघातांमधले अंतर मोजते, परंतु ठाय आणि दुगुन यांत त्याची गल्लत होते. याच रेकॉर्डला त्याने एकदा ११० ठोकेही सांगितले.

दोष विजेचा होता. त्या प्लेयरची सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असते, आपल्याकडे ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, आवर्तनांना हात लावत नाही. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या होत होत्या, म्हणजे मूळ वेगाच्या पाच षष्ठांश. गंमत अशी की ६:५ हे षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातलेच गुणोत्तर आहे, आणि सूर नेमका तेवढाच उतरला होता.

तबकडीच्या कडेवरच्या ठिपक्यांनी तर आम्हाला पुरतेच फसवले. शेजारचा निऑन दिवा लुकलुकत असताना ते स्थिर दिसले की वेग बरोबर, असे मानतात. ते ठिपके ६० आवर्तनांच्या हिशेबाने २१६ होते. पण ५० आवर्तनांवर दिव्याचे लुकलुकणे आणि तबकडीचे फिरणे दोन्ही सारखेच मंदावल्यामुळे ते चुकीच्या वेगातही अगदी निश्चल दिसत होते. शेवटी रेकॉर्डच्या लेबलावर कागदाची चिठ्ठी चिकटवून, घड्याळ समोर ठेवून फेऱ्या मोजल्या, तेव्हा खरा प्रकार कळला.

भावाचे उत्तर माझ्या मते सर्वांत कच्चे. संथ लय आणि मायनर पट्टी एकत्र आली की अशी ॲप्स सहसा उदासीकडे झुकतात. उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित झुमरा तालातल्या चौदा मात्रा ऐकत वाढलेल्या इंदूरकराला संथ म्हणजे दुःखी हे समीकरण पटणार नाही. शिवाय बीथोव्हनने या भागावर ‘ॲलेग्रेटो’, म्हणजे काहीशी चपळ लय, असे लिहिले आहे, आणि १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या मेट्रोनोमच्या आकड्यांत त्यासाठी ७६ ठोके दिले आहेत. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात हा भाग पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा श्रोत्यांनी तो पुन्हा वाजवायला लावला होता.

लेथवाल्याकडून मोटरची पुली सहा पंचमांश व्यासाची करून घेतल्यावर ॲपने ए मायनर आणि ६६ ठोके दाखवले. भाव मात्र उदासच. म्हणजे उरलेला संथपणा यंत्राचा नव्हता, तो वाद्यवृंदाच्या संचालकाने निवडला होता. पुली आणखी मोठी करून ७६ ठोके गाठावेत का, असे काकांनी विचारले. तसे केल्यास सूर जवळजवळ अडीच अर्धस्वर चढून पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्या मधोमध अडकला असता, आणि तिथे पेटीला पट्टीच नाही.