शालेय परिचर्येच्या व्यावसायिक चौकटीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील ‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल नर्सेस’ या संघटनेने २०१६ साली शालेय परिचर्येची जी व्यावसायिक चौकट सविस्तर मांडली, तिच्या केंद्रस्थानी विद्यार्थी असून त्याच्याभोवती कुटुंब आणि शाळा आहेत. काळजीचा समन्वय, नेतृत्व, गुणवत्तासुधार, सामुदायिक आरोग्य आणि या साऱ्यांना लागू होणारी व्यवसायाची मानके ही तिची पाच तत्त्वे. त्यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट शाळेतल्या परिचारिका शंभर वर्षांहून अधिक काळ करीत आल्या होत्या. मात्र त्या कामाला नाव नव्हते, त्यामुळे ते ना नोंदवहीत दिसत होते ना अंदाजपत्रकात.

न्यू यॉर्क शहराने १८९७ साली शाळांमध्ये डॉक्टरांकरवी तपासणी सुरू केली. खुपऱ्या, खरूज, नायटा किंवा उवा आढळल्या की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवले जाई. चिठ्ठी आईला वाचता येत नसे, वाचता आली तरी उपचाराची सोय नसे. आणि वर्गातून बाहेर काढलेले मूल संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळत असे. संसर्ग थांबला नाही, मुलांची शाळा मात्र बुडाली. हेन्‍री स्ट्रीटवरील वस्तीत काम करणाऱ्या परिचारिका लिलियन वॉल्ड यांना डोक्यावरच्या इसबामुळे बाराव्या वर्षापर्यंत शाळेत प्रवेशच न मिळालेला एक मुलगा भेटला होता. औषध त्याला दवाखान्यातून मिळालेही होते. ते कसे लावायचे हे घरी येऊन दाखवणारे कोणी नव्हते.

वॉल्ड यांच्या आग्रहावरून १ ऑक्टोबर १९०२ रोजी लिना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळा देण्यात आल्या. या चार शाळांत मिळून सुमारे दहा हजार मुले होती. किरकोळ त्वचारोगांवर त्या शाळेतच उपचार करीत आणि मुलाला पुन्हा वर्गात बसवीत. बाकीच्यांच्या घरी स्वतः जात. परिचारिकांसाठी उपचारांच्या लेखी सूचनाही ठरल्या. उवांसाठी रॉकेल आणि ऑलिव्हचे तेल समप्रमाणात घेऊन केस पूर्ण भिजवायचे आणि दुसऱ्या दिवशी धुवायचे, इतक्या नेमक्या त्या होत्या. आज ज्याला मानके म्हणतात त्यांचे बीज या सूचनांतच सापडते. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरातील शाळांतून १०,५६७ मुलांना घरी पाठवण्यात आले होते. सप्टेंबर १९०३ मध्ये हा आकडा १,१०१ वर आला. घरभेट म्हणजे समन्वय आणि घरी पाठवलेल्या मुलांची मोजणी म्हणजे गुणवत्तासुधार, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही, पण शहराने आणखी परिचारिका नेमल्या त्या या कामाचा परिणाम पाहूनच.

त्यानंतरच्या दशकांत शाळेने रोग शोधावा, उपचार करू नये, ही भूमिका बळावली आणि परिचारिकेच्या वाट्याला प्रथमोपचार, वजन-उंची, दृष्टितपासणी आणि लसीकरणाच्या नोंदी उरल्या. खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी लावणारी बाई ही तिची प्रतिमा याच काळातली असून, ती अजून पुसली गेलेली नाही.

खरा बदल कायद्याने घडवला. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ आणि १९७५ चा अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा यांमुळे आजवर घरी किंवा संस्थांत राहिलेली मुले शाळेत येऊ लागली. १९८४ साली टेक्सासमधील एका मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्पायना बायफिडा या पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे तिला दर तीन-चार तासांनी कॅथेटर घालून लघवी काढावी लागे आणि ते शाळेचे काम नव्हे, असे शाळा प्रशासनाचे म्हणणे होते. प्रशिक्षित व्यक्तीला करता येण्यासारखी ही सेवा असून तिच्याशिवाय मुलीला वर्गात बसणेच अशक्य आहे, म्हणून ती शाळेने द्यावी, असे न्यायालयाने ठरवले. १९९९ साली हेच सूत्र व्हेंटिलेटरवर असलेल्या विद्यार्थ्यालाही लागू झाले. प्रथमोपचाराच्या पेटीपाशी बसणाऱ्या परिचारिकेकडे आता श्वासनलिकेची निगा, इन्सुलिन आणि झटक्यांवरची औषधे आली, पण तिच्या कामाची व्याख्या जुनीच राहिली. १९६८ साली शिक्षक संघटनेचा विभाग म्हणून सुरू झालेली शालेय परिचारिकांची हीच संघटना १९७९ मध्ये स्वतंत्र झाली आणि १९८३ मध्ये शालेय परिचर्येची मानके प्रसिद्ध झाली, ती याच ओढाताणीत.

२०१४ साली शाळा, समाज आणि बालक यांना एकत्र पाहणारे दहा घटकांचे प्रारूप आले. त्यात आरोग्यसेवा हा अनेकांपैकी एक घटक होता. परिचारिका नेमके काय करते, हे त्यातून स्पष्ट होत नव्हते. ती उणीव २०१६ च्या चौकटीने भरली. दम्याचा एक मुलगा आठवड्यात तिसऱ्यांदा आजारी-खोलीत येतो, असे समजा. इनहेलर देऊन त्याला परत पाठवले तर नोंदवहीत एक ओळ वाढते. पण आधीच्या ओळी चाळताना याच वर्गातली आणखी दोन मुले सापडली, डॉक्टरांची उपचार-योजना जुनी झालेली दिसली, आणि भिंतीच्या ओलीबद्दल मुख्याध्यापकांकडे विषय काढावा लागला, तर तो सगळा अर्धा तास आता कामाचा हिशेब म्हणून मांडता येतो. माझ्या मते चौकटीचा खरा उपयोग इथेच आहे; भिंतीवर लावायचे चित्र म्हणून ती फारशी कामाची नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न मात्र चौकटीच्या बाहेरच राहिला. निरोगी विद्यार्थ्यांसाठी ७५० मुलांमागे एक परिचारिका हे प्रमाण अनेक वर्षे प्रचलित होते. मुलांच्या गरजा सारख्या नसल्याने एकच आकडा पुरेसा नाही, असे संघटनेने नंतर म्हटले, तर अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली प्रत्येक शाळेत किमान एक पूर्णवेळ परिचारिका असावी, अशी शिफारस केली. चौकटीची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि ‘एकविसाव्या शतकातील शालेय परिचर्येची चौकट’ या मूळ नावातून ‘एकविसावे शतक’ वगळले गेले. दोन-तीन शाळा सांभाळणारी परिचारिका मात्र ज्या दिवशी एका शाळेत असते, त्या दिवशी दुसऱ्या शाळेतला इनहेलर कार्यालयातल्या लिपिकाच्या हाती असतो.