वाहनातील ट्वीटर : जागा व रोख

मोटारीतील ध्वनियंत्रणेत साधारण ३,००० हर्ट्झच्या वरच्या कंप्रता वाजवणारा छोटा स्पीकर म्हणजे ट्वीटर. त्याचा घुमटाकार पडदा बहुधा १९ ते २८ मिलिमीटर व्यासाचा, रेशमी कापडाचा किंवा ॲल्युमिनियमसारख्या धातूचा असतो. खालचा भाग दारातला सहा-साडेसहा इंची स्पीकर सांभाळतो. हा मोठा स्पीकर दारात जिथे कंपनीने भोक ठेवले आहे तिथेच बसतो, त्याबाबत निवडीला फारशी जागा नसते. ट्वीटर मात्र तळहातावर मावतो आणि कुठेही चिकटवता येतो, म्हणूनच तो चुकीच्या जागी बसण्याची शक्यता जास्त.

फिटिंगवाल्याकडे पहिला प्रश्न सहसा रोखाचा निघतो : तोंड कानाकडे करायचे की काचेकडे? खरे तर जागा आधी आणि रोख नंतर ठरवायचा असतो. याचे कारण तरंगलांबीत आहे. ३,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर, १०,००० हर्ट्झची साडेतीन. पडद्याच्या मानाने लाट मोठी असेल तर ती सगळीकडे पसरते. दोन्ही जवळपास सारख्या झाल्या की ध्वनी विजेरीच्या झोतासारखा समोर जातो. २५ मिलिमीटरच्या ट्वीटरमधून तीन ते पाच हजार हर्ट्झचा ध्वनी बाजूलाही जवळजवळ तेवढाच ऐकू येतो, दहा हजारांच्या वर तो अरुंद होत जातो. म्हणजे तोंड वळवल्याने बदलते ती मुख्यतः सर्वांत वरची झळाळी. आवाज डावी-उजवीकडे कुठे उभा राहतो, किती उंचीवर वाटतो आणि काचेवर आपटून किती बिघडतो, हे जागेवर ठरते.

दिशा ओळखताना कान दोन खुणा वापरतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडल्याप्रमाणे, साधारण १,५०० हर्ट्झच्या खाली दोन कानांवर ध्वनी पोचण्याच्या वेळेतला फरक महत्त्वाचा ठरतो, वर गेल्यावर पातळीतला फरक. उंचीचा अंदाज बाह्यकर्णाच्या वळ्यांमुळे येतो आणि तेही वरच्या कंप्रतांमध्येच. त्यामुळे दारातला स्पीकर पोटरीच्या उंचीवर असला तरी नीट बसवलेला ट्वीटर सगळा आवाज डॅशबोर्डवर उचलून आणू शकतो.

तो उचलला गेला नाही तर काय होते, हे गोव्यात चवथीच्या घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीच्या, रेकॉर्डिंगवर लगेच कळते. घुमटाचा भरीव ठोका दारातून येतो, कासाळ्यांची, म्हणजे झांजांची, किणकिण पुढच्या काचेच्या खांबावरच्या ट्वीटरमधून. दोन्हींत अंतर फार पडले, तर एकाच मखरासमोर बसलेल्या माणसांपैकी निम्मी पायांशी बसलेली वाटतात आणि निम्मी छताला लटकलेली. गाणाऱ्यांचे तर आणखी हाल : स्वर खालून, ‘स’ आणि ‘च’ वरून. स्वस्त जोड्यांमध्ये हा दोष ठरलेलाच असतो. त्यांच्या वायरीत ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कॅपॅसिटर असतो. चार ओहमच्या ट्वीटरबरोबर तो जवळपास ८,५०० हर्ट्झपासून पुढेच वाट मोकळी करतो. शब्दांची स्पष्टता ज्या दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात असते, तो पट्टा मग दारातच राहतो. असा ट्वीटर कितीही वर नेऊन बसवला तरी गाणारा वर येत नाही.

दुसरी अडचण आसनाची. चालक मधोमध बसत नाही. लहान गाडीत उजवा ट्वीटर चालकाच्या डोक्यापासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर डावा १३० सेंटिमीटरच्या आसपास जातो. या ५० सेंटिमीटरमुळे डावीकडचा ध्वनी सुमारे १.४ मिलिसेकंद उशिरा आणि चार डेसिबलने क्षीण पोचतो. मोकळ्यावर एखादा आवाज अगदी बाजूने आला तरी दोन कानांत ०.७ मिलिसेकंदापेक्षा जास्त फरक पडत नाही. त्यामुळे गाडीत सगळे गाणे उजव्या खांबाला चिकटून बसते. परदेशी पुस्तिकांमधील आकृत्या बहुधा डाव्या स्टिअरिंगच्या असतात. त्या आरशात पाहिल्यासारख्या उलट्या करून वाचाव्या लागतात. गोव्याच्या बाबतीत यात थोडा इतिहासही आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवायला सुरुवात केली, पण शेजारचा ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत असल्याने गोवा डावीकडेच राहिला. तसे झाले नसते तर या नोंदीतले डावे-उजवे बदलावे लागले असते.

जागा : आरशामागचा त्रिकोण, म्हणजे दार आणि पुढची काच मिळतात तिथला प्लॅस्टिकचा तुकडा, ही बहुतेक गाड्यांसाठी सर्वांत समंजस जागा. तो दारातल्या स्पीकरपासून फार दूर नसतो आणि पुढच्या काचेचे परावर्तनही तिथे कमी. शिवाय हा तुकडा सुटा मिळतो, त्यामुळे भोक पाडायला मन धजावते. अनेक मोटारींच्या खालच्या श्रेणीत ट्वीटर नसला तरी त्याची जाळी किंवा खोबण तिथे तयार असते.

पुढच्या काचेचा खांब, म्हणजे ए-पिलर, स्पर्धेच्या गाड्यांमध्ये लोकप्रिय आहे. आवाजाची रुंदी तिथे चांगली मिळते, पण चालकाच्या बाजूचा ट्वीटर कानाच्या फार जवळ येतो. खांबावर एअरबॅगची खूण असेल तर तिथे हात लावू नये. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेने जाते, तिचे बंध खांबाच्या आत असतात, आणि मध्ये बसवलेला ट्वीटर अपघातात तोंडावर उडू शकतो. चांगला फिटर ही गोष्ट गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगतो.

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, काचेकडे तोंड करून कंपन्या स्वतः ट्वीटर बसवतात. काचेवरून आलेला ध्वनी दूरवरून आल्यासारखा वाटतो आणि दोन्ही आसनांवर थोडाफार सारखा पोचतो, हा त्यातला फायदा. तोटा परावर्तनाचा. सरळ ध्वनी आणि काचेवरून आलेला ध्वनी यांच्या वाटांत सहा सेंटिमीटरचा फरक असेल, तर सुमारे २,९०० हर्ट्झला दोघे एकमेकांना खोडतात आणि आवाजात तिथे खड्डा पडतो. इक्वलायझरने, म्हणजे ठराविक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, तो भरता येत नाही. वाढवलेला आवाजही त्याच प्रमाणात खोडला जातो. तरीही भाड्याच्या टॅक्सीत किंवा घरच्यांनी भरलेल्या गाडीत ही जागा वाईट नाही.

पायांजवळची बाजूची जागा डाव्या-उजव्या अंतरातला फरक कमी करते. पण उजवीकडे ॲक्सिलरेटर आणि पाय, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ओली पायताणे. तिचा विचार लांबूनच करावा.

रोख : जागा पक्की झाल्यावर तीन प्रकार करून पाहण्यासारखे असतात. पहिला, दोन्ही तोंडे दोन आसनांच्या मधल्या बिंदूकडे, डोक्याच्या उंचीवर. दुसरा, प्रत्येक ट्वीटर समोरच्या बाजूच्या आसनाकडे. डावा चालकाकडे आणि उजवा शेजाऱ्याकडे वळवला की जवळच्या ट्वीटरची झळाळी आपोआप कमी होते आणि लांबच्याची पूर्ण मिळते. तिसरा, दोघेही एकमेकांसमोर, आडवे. थेट कानावर रोखलेला ट्वीटर दुकानात पाच मिनिटे भुरळ घालतो, पण पत्रादेवीहून पेडणे-म्हापसा करत पणजीला पोचेपर्यंत प्रत्येक ‘स’ टोचू लागतो. सुरुवात पहिल्या प्रकाराने करावी.

हे सगळे भोक पाडण्याआधी ऐकायचे असते. ट्वीटरखाली लिंबाएवढा चिकणमातीचा गोळा ठेवला की तो हवा तसा वळवता येतो. मूर्तिकाराकडची माती चालते. खाली प्लॅस्टिकचा कागद घालावा, नाहीतर डॅशबोर्डच्या रवाळ प्लॅस्टिकमध्ये बसलेला डाग निघत नाही. काचा वर, एसी बंद, आणि आसन रोजच्या जागेवर. ऐकायला एकच आवाज असलेले जुने मोनो ध्वनिमुद्रण घ्यावे. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरची गायकी यासाठी उत्तम. त्यात डावे-उजवे मुळातच नाही, त्यामुळे आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर यायला हवा. तो उजवीकडे सरकला तर दोष गाडीचा. तबकडीची खरखर मात्र जवळजवळ सगळी ट्वीटरमधूनच येते. गाणे आणि खरखर वेगवेगळ्या ठिकाणांहून येत असतील, तर ट्वीटर दारातल्या स्पीकरशी जुळलेला नाही. अशा वेळी दोन्ही ट्वीटरच्या वायरी उलट जोडून पुन्हा ऐकावे; ज्या जोडणीत गळा भरीव लागतो ती ठेवावी. एकाच बाजूची वायर उलटवली तर मध्य विस्कटतो.

वेळेचा फरक डिजिटल प्रोसेसरने भरून काढता येतो : जवळच्या ट्वीटरला १.४ मिलिसेकंद थांबवले की गाणे मध्यावर येते. पण ते फक्त चालकासाठी. शेजारच्या आसनावर तोच दोष दुप्पट होतो. त्यामुळे एकट्याने फिरणाऱ्याने हा खर्च करावा, कुटुंबाच्या गाडीत आधी जागा आणि रोख सुधारावा.

हवामान : एप्रिल-मेच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंशांची, म्हणजे फार लांब नाही. दुहेरी चिकटपट्टी तर त्याच्या कितीतरी आधी हार मानते. स्क्रूने आवळलेली पट्टी बरी. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत दाबून बसवलेली पितळी टोके हिरवी पडतात. सांधा डाक देऊन वर हीट-श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी, नळी चढवली की तो टिकतो. त्रिकोणातल्या ट्वीटरची वायर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतूनच न्यावी. बिजागरीजवळ उघडी सोडलेली वायर दाराच्या उघडझापीने आवरणाच्या आतच तुटते. मग ट्वीटर दार लावले की वाजतो, उघडले की गप्प होतो, आणि मालक नवा ट्वीटर आणायला निघतो.