मोजत मोजत चालणारा कर्नल

परवा खानापूरचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. "सर, नवीन लिनक्स घातलं आणि मशीन एकदम बसलं बघा." रॅम ८ जीबी, डिस्कही चांगली. लिनक्स ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि कर्नल म्हणजे तिचा गाभा; फाइल, नेटवर्क काहीही लागलं की प्रोग्रामला त्याच्याकडेच जावं लागतं. टर्मिनल उघडून कर्नलची आवृत्ती सांगणारी 'युनेम -आर' ही आज्ञा दिली, तर आलेल्या ओळीच्या शेवटी 'डीबग' असा शब्द. लॅपटॉप ठणठणीत होता. चुका पकडण्यासाठी बांधलेला कर्नल त्यानं रोजच्या कामाला लावला होता.

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवरचा कारागीर काम सुरळीत लागलं की अधूनमधूनच एखादा जॉब मोजतो. नव्या सेटिंगचा पहिला जॉब मात्र दर कटनंतर मायक्रोमीटर लावून बघतो. डीबग कर्नलचा प्रत्येक जॉब हा पहिलाच जॉब.

त्यातली 'कासान' ही तपासणी मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइटची नोंद बाजूला ठेवते. कर्नलनं मेमरीला हात लावायचा तर आधी ही नोंद बघायची. ८ जीबीतली १ जीबी नुसत्या नोंदवहीला जाते आणि कर्नलचं काम तीनेक पट मंदावू शकतं. आणखी एका तपासणीत सोडून दिलेल्या मेमरीत '६बी' हा (सोळाच्या पाढ्यातल्या लिखाणातला) आकडा भरून ठेवतात. क्रॅशच्या नोंदीत '६बी६बी६बी' अशी रांग दिसली, की कुणीतरी परत केलेली जागा पुन्हा वापरली हे जाणकाराला लगेच कळतं.

२००६ साली लिनक्समध्ये आलेलं 'लॉकडेप' कुलपांचा क्रम लक्षात ठेवतं. एकाच डेटाला एका वेळी एकानंच हात लावावा म्हणून कर्नलमध्ये ही कुलपं असतात. एकानं आधी 'अ' मग 'ब' घेतलं, दुसऱ्यानं उलटं, तर मशीन अडकण्याची वाट न बघता ते आधीच ओरडतं. त्यासाठी प्रत्येक कुलपामागे हिशेब आला.

नुसती आकडेमोड करणारा प्रोग्राम यात फारसा मंदावत नाही. फाइली उघडणं, नेटवर्क, नवे प्रोग्राम सुरू करणं, म्हणजे जिथं सारखं कर्नलकडे जावं लागतं, तिथं मार बसतो. म्हणून डीबग कर्नलवर वेग मोजून कुठल्याही सिस्टीमला नावं ठेवू नयेत, असं मी पोटतिडकीनं सांगतो. शिवाय मंदपणामुळे वेळेचं गणित बदलतं, आणि दोन कामांच्या शर्यतीतून होणारी एखादी चूक इथं दिसतच नाही. साध्या कर्नलवरही चाचणी घ्यावी लागते ती यासाठी.

त्या पोराला साधा कर्नल घालून दिला. डीबगचा काढू दिला नाही. तो कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी यूएसबीचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कर्नलमधलाच प्रोग्राम, लिहितोय; त्यातल्या चुका पकडायला डीबगचाच लागेल.